कागद अंथरणारा माणूस

“चपला काढा म्याडम, मंग बोला.”

पहिल्या भेटीतलं त्यांचं हे पहिलं वाक्य. मी सोनपेठ तालुक्यात नवीन आलेली कृषी सहायक, हातात फाईल. ते खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसलेले, पन्नाशी ओलांडलेले, अनवाणी. शेततळ्यातलं पाणी जमिनीत मुरू नये म्हणून आत जाड प्लास्टिक अंथरतात, हे तुम्ही पाहिलं असेल. आमच्याकडे त्याला कागदच म्हणतात. तो अंथरायचं आणि जोडायचं मिस्त्रीकाम हे काका करायचे. मी चपला काढल्या आणि तापलेल्या कागदावर एकेका पायावर नाचू लागले. त्यांनी मान वर न करता सांगितलं, “व्हईल सवय.”

पातळ कागद कुणी दाखवला की ते त्याचा कोपरा अंगठ्यानं ताणून उन्हात धरत. “ह्यो दोन उन्हाळं काढंल. पाचशे मायक्रॉनचा घ्या.” अंथरण्याआधी अख्खा खड्डा गुडघ्यांवर फिरून तळहातानं चाचपत, खडा, काटा, मूळ वेचत. काम झालं की शेतकऱ्याला बजावत, जनावर आत येऊ देऊ नका, गाळ काढायला फावडं लावू नका. आणि सगळ्यात शेवटी, “आधी दोर, मंग पाणी.” चारी बाजूंना गाठी मारलेले दोर सोडल्याशिवाय तळं भरायचं नाही. ओल्या कागदावर पाय ठरत नाही, पट्टीचा पोहणाराही बाहेर येऊ शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एका मोसंबीवाल्या शेतकऱ्यानं ते ऐकलं नाही. “दोर आणतो की दोन दिसात,” म्हणाला आणि मोटार सुरू करून मोकळा झाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाहणीला निघाले, काका मागं गाडीवर बसले होते. बांधावरून ओरडणं ऐकू आलं. तळं निम्म्याहून जास्त भरलं होतं. मोटारीचा पाईप सरळ करायला गेलेला शेतकरी घसरून आत पडला होता. विहिरीत सूर मारणारा गडी, पण कागदावर हात टेकला की तो खाली जायचा. बराच वेळ झाला असावा, कारण तो आता ओरडतही नव्हता. ओरडत होती ती त्याची बायको, आणि ती उतारावर एक पाय टाकायच्या बेतात होती.

“वैनी, खाली बसा. तिथंच बसा,” काका म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी ती मटकन बसली.

त्यांनी बागेत पडलेली ठिबकची नळी फेकली. शेतकऱ्यानं ती धरली, आम्ही दोघांनी ओढली, आणि ती त्याच्या ओल्या मुठीतून सुळकन निघून आली. दुसऱ्यांदा त्यानं हातच उचलला नाही. डोकं एकदा पाण्याखाली जाऊन वर आलं.

काकांनी नळीचे चार पदर केले, एक टोक मोसंबीच्या बुंध्याला आणि दुसरं स्वतःच्या कमरेला बांधलं. “सैल सोडत ऱ्हावा,” मला म्हणाले. मग खिशातला चाकू काढला आणि स्वतः अंथरलेल्या कागदात खुपसला.

आडवी चीर पाडायची, तिच्यात टाच रुतवायची, एक पाऊल उतरायचं, पुन्हा चीर. प्रत्येक वेळी होणारा टरकन आवाज मला अजून ऐकू येतो. पाण्याजवळ पालथं पडून त्यांनी शेवटची चीर पाडली आणि शेतकऱ्याचं मनगट धरलं.

“बोटं फटीत घाल. माती धर. माती लागली का?”

शेतकऱ्याची बोटं एकदा कागदावरून घसरली.

“माती लागली का रं?”

“लागली.”

“आता सोडू नगंस.”

तो एकेक चीर धरत वर आला आणि काठावर पालथा पडून पाणी ओकला. बायको त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिली. काका मात्र तळ्याकडे तोंड करून बसले. चाकूची माती पुसून त्यांनी तो खिशात ठेवला. मग म्हणाले, “म्याडम, अहवालात लिवा, कागद मिस्त्रीनं फाडला.”

दुसऱ्या दिवशी शेतकऱ्यानं पाणी उपसून चिरांच्या खाली नेलं. काकांनी आधी चारही दोर बांधले, मग प्रत्येक चिरेवर ठिगळ जोडलं. चिरा किती होत्या ते मी मोजलं नाही.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाला छातीच्या दुखण्यानं ते गेले. चुडाव्याला, त्यांच्या गावी, मी घरी भेटायला गेले, तेव्हा त्यांची बायको म्हणाली, “मला एकदा त्येंचं काम दावा की. इतकी वर्सं झाली, कदी नेलं न्हाई.”

मी तिला त्याच मोसंबीच्या शेतात नेलं. ती कुंपणाची तार धरून कितीतरी वेळ पाण्याकडे बघत उभी राहिली.

“किती खोल हाय?”

“दोन पुरुष असेल.”

 पदर डोक्यावर नीट ओढून घेत ती म्हणाली, “मला सांगायचे, सतरंज्या अंथरायचं काम हाय.”