आधी भात, मग वरण

जगातल्या सगळ्या सूचना शेवटी दोनच प्रकारच्या असतात: काय हवं ते सांगणाऱ्या आणि ते कसं करायचं ते सांगणाऱ्या. हे वाक्य मी कंपनीत नव्याने लागलेल्या मुलामुलींना चष्मा काढून ऐकवतो. पहिली तऱ्हा डिक्लेरेटिव्ह, दुसरी प्रोसिजरल. डेटाबेसला आपण ‘कोथरूडमधले सगळे ग्राहक दे’ एवढंच म्हणतो. तो ते कसे हुडकतो, ही त्याची डोकेदुखी. साध्या प्रोग्रॅमला मात्र एकेक पायरी हाताला धरून सांगावी लागते. पहिली तऱ्हा वरच्या दर्जाची, असं माझं ठाम मत होतं. ते गणपतीत आमच्या सोसायटीच्या जेवणापर्यंत टिकलं.

दरवर्षी तिथे बुफे असतो. एका हातात ताट धरायचं, पापड सांभाळायचा आणि शेजाऱ्याच्या कोपराशी गप्पा मारत जेवायचं. यंदा बायकोने पंगतीचा हट्ट धरला.

“एक वर्ष करून पाहू,” अध्यक्ष म्हणाले. “गोंधळ झाल्यास पुन्हा बुफे, आणि हा विषय कायमचा बंद.” अध्यक्ष जिन्यात भेटले तरी कुणी इतिवृत्त लिहून घेत असल्यासारखेच बोलतात.

वाढणाऱ्यांना समजावण्याचं काम माझ्याकडे आलं. मी केळीच्या पानाचं चित्र काढून ग्रुपवर टाकलं. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मध्ये भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. खाली लिहिलं, ‘पान असं दिसलं पाहिजे. क्रम महत्त्वाचा नाही, सिस्टिम बघून घेईल.’

“सिस्टिम म्हणजे कोण?” बायकोने विचारलं.

“वाढणारे.”

“अहो, त्यातले निम्मे घरी पाणीसुद्धा हातात मागतात.”

पहिली पंगत बसली. वरणाची बादली सगळ्यांत जड आणि सगळ्यांत गरम, म्हणून ती धरणारे तिसऱ्या मजल्यावरचे मॅनेजर सर्वांच्या आधी निघाले. भाताचा पत्ता नव्हता. पान गुळगुळीत आणि पार्किंगच्या फरशीला उतार. वरण पानावर पडलं, क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं आणि अध्यक्षांच्या रेशमी सोवळ्याकडे निघालं.

“अरे आवरा, आवरा याला!” अध्यक्ष ओरडले. इतिवृत्ताची भाषा सुटली होती.

“चित्रात बरोबर याच जागी आहे की,” मॅनेजर म्हणाले.

सगळी पंगत हसायला लागली. बायको हसली नाही. तिची पंगत वरणाबरोबर वाहून चालली होती. ती पदर खोचून मध्ये आली.

“थांबा सगळे. आधी मीठ. मग लिंबू, चटणी, कोशिंबीर. आता भाजी. आता भात. मुदीला डावाने खळगा करा. हं, आता वरण. तूप. आणि बसलेल्यांनी हसणं थांबवून श्लोक म्हणा.”

हसणं थांबलं नाही. श्लोक हसतच झाला. एका आजींनी तो इतका खडा म्हटला, की शेजारच्या सोसायटीतले लोक हातातली बुफेची ताटं घेऊन कुंपणाशी आले.

दुसऱ्या पंगतीला तिने पदार्थांची नुसती नावं घेतली. तिसरीला ती फक्त “वाढा” म्हणाली आणि पानं हुबेहूब माझ्या चित्रासारखी दिसली. भाताची परात धरून उभा असताना मला कळलं, की डेटाबेसच्या आतही कुणीतरी असंच पदर खोचून उभं असणार. ‘काय हवं’ एवढंच सांगण्याची चैन, ज्याला ‘कसं’ पाठ आहे त्याच्या जिवावर चालते.

हे मी लगेच बायकोला सांगितलं.

“भात गार होतोय,” ती म्हणाली.

जेवणं झाल्यावर तिथेच सभा भरली. धोतर बदलून आलेल्या अध्यक्षांनी संस्कृतीवर बोलून घेतलं, आणि पुढच्या वर्षीही पंगतच, हा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. उष्टी पानं कोणी उचलायची, हा विषय वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.