झडती माझी, तोंड दादाचं

माझी जीभ पहिल्यापासूनच तिखट. आई म्हणायची, "हे पोरगी पोटात असतानी मी कोनती मिरची खाल्ली होती, देव जाने." पण त्या जिभेचं नाव गावात झालं ते दादाच्या तोंडून, आणि मी चार वर्षं ते मुकाट्यानं होऊ दिलं. त्याचा राग मला अजून येतो.

आमचं गाव चामोर्शीकडचं, सगळं धानाचं. पोळ्याच्या दिवशी आखरावर, म्हणजे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत, सजवलेले बैल आंब्याच्या तोरणाखाली उभे राहायचे. एकीकडे वरच्या मोहल्ल्याचे, एकीकडे खालच्या, म्हणजे आमच्या. मग झडत्या सुरू व्हायच्या. झडती म्हणजे चार जुळवलेल्या ओळी. एका बाजूनं टोमणा हाणायचा, दुसरीनं तो परतवायचा. शेवटी म्हणणारा "हर बोला" म्हणतो आणि सगळं आखर "हर हर महादेव" गर्जतं. गर्जलं तर झडती लागली, नाही तर पडली. म्हणायचं काम पुरुषांचं. बायकांनी मारुतीच्या पाराजवळ उभं राहून ऐकायचं.

आमच्या मोहल्ल्याच्या झडत्या दादा म्हणायचा. आवाज खणखणीत, छाती रुंद, आणि यमक म्हणाल तर सात जन्मांत जुळणार नाही. झडत्या मी रचायची. रोवणीला बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, वाकलं की हात चिखलात रोपं लावत असायचे, डोकं मात्र मोकळं. संध्याकाळपर्यंत दोन तरी तयार व्हायच्या. दादा त्याबद्दल बाजारातून बांगड्या आणायचा आणि मी वेडी तेवढ्यावर खूश व्हायची.

ती ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. त्यातल्याच एका साली पोळ्याच्या आठवडाभर आधी शाळेतले गुरुजी नवाकोरा टेपरेकॉर्डर घेऊन आमच्या घरी आले. दादानं माझ्या जुन्या झडत्या एकामागून एक त्यात म्हटल्या. गुरुजींनी विचारलं, "भाऊ, तुले हे सुचते कसं?" दादा म्हणाला, "बांधावरून फिरता फिरता येते आपोआप." मी तेव्हा गुरुजींच्या पुढे चहा ठेवत होते. कप त्यांच्या धोतरावर सांडला नाही, हे त्यांचं नशीब.

गुरुजी गेल्याबरोबर मी दादाला म्हटलं, "गावात माहं नाव सांग, नाई तं यंदा एकबी झडती देत नाई."

दादा हसला. आई मात्र घाबरली. वडील गेल्यापासून लोक काय म्हणतील याचा तिला फार धाक. "पोरगी झडत्या रचते असं गावात झालं तं कोन करन तुले?" तिचे डोळे भरून आले, म्हणून मी नमले. पण पूर्ण नाही. दर वर्षी आठ लागायच्या, मी चारच दिल्या आणि बजावलं, "पुरवून पुरवून म्हन."

पुरवतो कसला! पहिलीला आखर गर्जलं, तसा दादाला जोर चढला. समोरच्याला बोलूही न देता त्यानं चारही एका दमात म्हणून टाकल्या. मग वरच्या मोहल्ल्याचे आबाजी सावकाश पुढे आले. सत्तरीचा माणूस, तोंडात दात दोन, पण झडतीत त्यांना कोणी हरवलं नव्हतं.

"शिंगाले बेगड, पाठीवर झूल,
खालच्या मोहल्ल्यात पेटे ना चूल;
बैल म्हने मालका, सांगू का खरं,
तुह्या घरापरीस वरचं गवत बरं! हर बोला!"

आखर गर्जलं. आमच्या बाजूचे सगळे दादाकडं बघू लागले, आणि दादा पाराकडं. आधी मला वाटलं, बरी जिरली. मग वाटलं, ही हार त्याची कशी? ही माझीच आहे. भीती तर वाटतच होती. शेजारच्या काकूनं माझी ओढणी धरली, ती सोडवून मी पारावर चढले.

"वरचा मोहल्ला, मोठमोठ्या बाता,
रोवनीच्या दिवशी कुठी लपून जाता?
बांधीत आमी, तुमी बांधावर छत्री धरून,
धान कोनाचं, धानालेच पाहा इचारून! हर बोला!"

महादेव कोणीच म्हटलं नाही. मान हलवणाऱ्या बैलांच्या घुंगरांचा तेवढा आवाज. आईनं पदर तोंडावर घेतला. झडती पडली होती, ती वाईट होती म्हणून नव्हे, माझी होती म्हणून. तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं आणि भीती कुठल्या कुठे गेली.

"बैल बोलत नाई, त्याले वाचा नाई,
मानसाच्या तोंडाले आज झालं काय बाई?
खोटी असन तं समोर येऊन खोटी म्हना,
खरी असन तं महादेव म्हना! हर बोला!"

पहिले हसले ते आबाजी. दोन दात दाखवत, पोट धरून हसले. "लागली बाप्पा, लागली!" म्हणत त्यांनीच हात वर केला, आणि आखर असं गर्जलं की तोरणाखालचे दोन गोऱ्हे बुजून पळाले. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. कोणीतरी दादाला म्हणालं, "भाऊ, तुह्या बहिनीनं तं तुलेबी मागं टाकलं." दादा मान खाली घालून म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आजपर्यंतच्याबी तिच्याच होत्या."

पोळा फुटला. बैल घरोघर निघाले आणि आबाजी आपली जोडी घेऊन आमच्या दारात आले. आईनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. ती माझ्याशी अजून एक शब्द बोलली नव्हती.

आबाजी मला चिडवत म्हणाले, "बोलून घे पोरी यंदा. फुडच्या साली तू सासरी जाशीन, मंग आखर आमचंच."

मी तोंड उघडण्याआधी आई बोलली. हातातलं ताट तिनं खालीसुद्धा ठेवलं नाही.

"पोळ्याले तिले माहेरी पाठवन, असाच जवाई करीन मी आबाजी. बाकीच्यायनं दारात येऊच नये."

आणि तिनं तसाच केला.