छातीचं इन्स्पेक्शन

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, माझ्या शरीरातील पेशी मृत घोषित झाल्या आहेत. ही घोषणा भद्रावतीच्या आमच्या कॉलनीत, नाल्यावरच्या पुलियावर, कारखान्याच्या सकाळच्या भोंग्याला, चार साक्षीदारांसमोर झाली. आप्तेष्टांनी रडू नये. घोषणा करणारे गृहस्थ डॉक्टर नव्हते.

ते कारखान्यातून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झाले होते. लोखंडाच्या तुकड्यावर बोटाचं हाड वाजवायचं, आवाज ऐकायचा आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, यात त्यांचा जन्म गेला. निवृत्तीनंतर लोखंड मिळेना, तेव्हा त्यांनी आमच्या छात्या वाजवायला घेतल्या. टक, टक. डोळे मिटलेले, मान तिरकी.

"रिजेक्ट. बॅटरी उतरून राह्यली भाऊ तुमची."

मला हा माणूस कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. निःपक्षपाती वर्णन हवं असेल तर दुसऱ्या कुणाला विचारा.

त्यांच्या खिशात क्यू टेन नावाच्या कॅप्सूलची बाटली असे. प्रत्येक पेशीत एक डायनॅमो असतो, वयाबरोबर तो मंदावतो, ही कॅप्सूल त्याला पुन्हा गरगर फिरवते आणि हृदय पंचविशीचं होतं, असं त्यांचं शास्त्र. कॅप्सूल स्निग्ध पदार्थासोबत घ्यावी, हे कुणीतरी त्यांना सांगितलेलं. झालं! आमच्याकडे स्निग्ध म्हणजे जवसाचं तेल. भोंगा झाला की चार निवृत्त पुरुष पुलियावर ओळीनं बसून आ वासत आणि हे एकाच चमच्यानं चारही तोंडांत तेल ओतत. तुम्ही चिमणीची पिल्लं पाहिली असतील. त्यांना मिश्या लावून पाहा.

बरं, ते कॅप्सूल विकत नसत, वाटत. हे जास्त वाईट. विकणाऱ्याला दारातून हाकलता येतं.

इथवर मी हसत होतो. मग ते आमच्या घरी आले.

माझ्या बायकोला दोन वर्षांपूर्वी हृदयाचा झटका येऊन गेलेला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तिला तीन गोळ्या लावून दिल्या होत्या. रोज, न चुकता. आता बाईमाणसाची छाती कशी वाजवणार? त्यांनी तिचा गोळ्यांचा डबा वाजवला.

"रिजेक्ट. बाई, ह्या गोळ्या बॅटरी चार्ज नाई करत, तार कापतेत. बंद करा अन् हे घ्या."

"डॉक्टर रागावंल नं भाऊ."

"त्याले सांगताच काऊन?"

मला हे नंतर कळलं. तेव्हा मी आत चहा करत होतो, त्यांच्याचसाठी.

तीन आठवड्यांनी ती आमच्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली आणि उठेना. पाय सुजलेले, धाप अशी की शब्द अर्धाच बाहेर यायचा. चंद्रपूरला डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या चालू आहेत ना?" मी छातीठोक सांगितलं, "एकही चुकत नाही." बायको भिंतीकडे पाहू लागली. घरी आल्यावर गोळ्या सापडल्या, तांदळाच्या डब्यात, अगदी तळाशी.

दुसऱ्या सकाळी मी पुलियावर जाऊन त्यांना तोंडाला येईल ते बोललो. ते शांतपणे उठले. माझ्या छातीवर टक, टक केलं.

"आवाज मोठा हाये. म्हणजे आतून पोकळ."

सगळे हसले. वाक्य चांगलं होतं, याचा राग मला अजून आहे.

खरी आग मात्र घरात होती. बायकोनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पण माझ्या पहाऱ्याखाली. "भाऊचं खोटं नसंल," ती म्हणायची. "मीच तेल कमी घेतलं. संक्रांत होऊ द्या, मंग पुन्हा कॅप्सूलच घेऊन पाहू." मी पाण्याचा पेला घेऊन उभा राहायचो, ती गोळी गिळायची आणि जेलरकडे पाहावं तशी माझ्याकडे पाहायची. संक्रांत जवळ येत होती. मला जिन्याची ती पायरी दिसायची.

संक्रांतीच्या आधीच ते मुलाकडे नागपूरला कायमचे निघाले. टेम्पो लागला. अर्धी कॉलनी निरोपाला जमली. माझी बायको जवसाच्या चटणीचा डबा घेऊन गेली, डोळ्यांत पाणी आणून. मी गेलो ते खरंच जातात का, हे पाहायला.

देव्हारा चढवताना तिरका झाला, त्याचा खालचा खण सरकला आणि गोळ्यांची पाकिटं रस्त्यावर सांडली. गुलाबी, पांढरी, पिवळी.

"सांभाळून रे!" त्यांची बायको ओरडली. "पूजेच्या वेळी घेतेत ते. पाच वर्षं झाले, एक दिवस नाई चुकवला."

माझी बायको वेचायला वाकली होती. ती पाकिटं हातात घेऊन तशीच थांबली. गृहस्थांनी हात पुढे केला. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला त्यांची दया आली. त्या दिवशी त्यांनी काहीच वाजवलं नाही.

पाकिटं तिनं दिली नाहीत. चटणीचा डबाही दिला नाही. तो काखेत घट्ट दाबून, साऱ्या कॉलनीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"अवो भाऊ, ह्या तं माह्याच गोळ्या हायेत! मंग माह्या काऊन बंद करायले लावल्या जी?"