दोन ठिकाणी ठेवलेले निरोप

आमच्या भावजींना घरात सगळे ‘डबल’ म्हणतात. छत्र्या दोन, चष्मे दोन, घराची दुसरी किल्ली कायम माझ्याकडे. लग्न मात्र एकदाही केलं नाही! विचारलं तर म्हणायचे, “एक बायको बंद पडली तर दुसरी कुठून आणू, वहिनी?” असा माणूस.

कामही तसलंच. ॲम्ब्युलन्ससाठी लोक फोन करतात ना, त्या ऑफिसचे सर्व्हर त्यांच्या ताब्यात. तिथे आग लागली, पाणी शिरलं म्हणून फोन बंद पडून कसं चालेल? म्हणून दूरच्या एका गावात तश्शीच दुसरी खोली उभी करायची. इकडची प्रत्येक नोंद त्याच क्षणी तिकडे उतरायची, आणि इकडचं बंद पडलं की तिकडच्या सर्व्हरनी काम उचलायचं. भावजी तिकडे थोडे दिवस म्हणून गेले आणि तिथलेच होऊन बसले.

सर्व्हरच्या खोलीत फोन न्यायला बंदी. सासूबाई आमच्याकडून फोन लावायच्या, तो वाजून वाजून थांबायचा, मग ‘निरोप ठेवा’ असं ऐकू यायचं. त्या ठेवायच्या की! तेही एवढ्या मोठ्याने, की शेजारी खिडकी लावून घ्यायचे. भावजी दमून येऊन झोपायचे. “सगळे सावकाश ऐकेन,” म्हणायचे. आईचं बोलणं कुठे पळून जातंय, असंच वाटत असतं माणसाला.

मग सासूबाईंनी अंथरूण धरलं. ह्यांनी भावजींच्या ऑफिसात कळवलं. नेमकी त्याच शनिवारी खरी चाचणी होती: मुख्य सर्व्हर मुद्दाम बंद करायचे आणि सगळं काम दुसऱ्या जागेवर वळवायचं. “ती झाली की तडक निघतो,” असा भावजींचा उलट निरोप आला. चाचणी उत्तम झाली, एकही फोन तुटला नाही म्हणे. भावजी दारात उभे राहिले तेव्हा आमच्याकडे सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर ते पुन्हा इथल्या आपल्या घरी राहायला आले आणि ते सगळे निरोप फोनमधून घरच्या कॉम्प्युटरवर घेतले. दुसरी प्रत आमच्याकडे, फ्रिजमागे इंटरनेटला जोडून ठेवलेल्या एका छोट्या डब्यात, आपोआप उतरणारी. डबलच ते! आणि दर रविवारी फक्त एकच निरोप ऐकायचे, पहिल्यापासून क्रमाने. “सगळे एकदम ऐकले तर आई बोलायची थांबेल, वहिनी.” रविवार आला की मी विचारायची, “अजून किती उरले?” कारण शेवटचा निरोप मला ठाऊक होता. सासूबाईंच्या तोंडाशी फोन मीच धरला होता.

एका सकाळी भावजींचा फोन आला. “वहिनी, फ्रिजमागचा डबा! वायर उपटा! आत्ताच्या आत्ता!”

मी हातातलं टाकून धावले आणि सगळ्या वायरी ओढून काढल्या. थोड्या वेळाने ते स्वतःच धापा टाकत आले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. जुन्या फाइली काढता काढता निरोपांचं अख्खं फोल्डर त्यांच्या हातून पुसलं गेलं होतं. आणि आमच्या डब्यानेही इमानेइतबारे ते पुसून टाकलं होतं. फोनमधले मूळ निरोप तर केव्हाच आपोआप पुसले गेले होते. पुष्कळ खटपट केली, पण हाती काही लागलं नाही.

“ऑफिसात मीच सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडतो,” ते फ्रिजला टेकून जमिनीवरच बसले. “दुसरी जागा आपली चूकसुद्धा उतरवून घेते. जुनी प्रत वेगळी काढून कपाटात ठेवा. तिथे ठेवलीये हो मी. घरी नाही ठेवली.”

दिव्याखाली अंधार, दुसरं काय! एरवी मी चांगलं फैलावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसतं पाणी दिलं.

“शेवटच्या वेळी तुम्ही होतात ना तिच्याजवळ?” त्यांनी विचारलं. “काय म्हणाली आई?”

“नेहमीचंच. जेवलास का म्हणाल्या. आणि काम नीट कर.”

“मग बरं,” असं म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले.

सासूबाई म्हणाल्या होत्या, “राहू दे रे ते काम. आता ये. मला भीती वाटते.”

तो निरोप पुसला गेला हे कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. आईचा आवाज कायमचा गेला म्हणून माणूस समोर रडतोय, आणि मी मनात सुटले! त्याचं आजही फार वाईट वाटतं.

भावजी अजून रविवारी येतात. “वहिनी, आणखी काय काय बोलायची हो ती?” विचारतात. मी आठवून आठवून एकेक सांगते. तो एक सोडून.