सवतीला लाल रंग
लग्न होऊन गडचांदूरजवळच्या या गावात आले, तेव्हा ट्रॅक्टर माझ्याआधीच घरात होता. नवरा शेतातून आला की स्वतः हातपाय धुण्याआधी त्याच्या बोनेटवरची सिमेंट कारखान्याची धूळ पुसायचा. मी तापानं पडले तरी माझ्या कपाळावर तसा हात कधी फिरला नाही. मी ट्रॅक्टरला सवत म्हणायचे. लोकांना गंमत वाटायची, मला नाही.

यंदा उन्हाळ्यात त्यानं तो रंगवायला काढला. घराच्या भिंतींचे पोपडे मी कितीदा दाखवले होते, ते तसेच राहिले.

"इंजन नाई खोलाचं," तो म्हणाला. "वरवरचं निघते तेवढंच काढाचं."

बोनेट, दिवे, सीट उतरवली. डिझेलनं ग्रीस धुतलं, पॉलिश पेपरनं गंज घासला, राखाडी प्रायमर मारला. जेवायला हाक मारली तर ऐकू जायचं नाही. मग एक गंजका नट सोडवताना पाना सटकला आणि त्याचं उजवं मनगट मुरगळलं. पेरणी तोंडावर, ट्रॅक्टर राखाडी.

"शहरातला पेंटर बोलवा," मी म्हटलं.

"परका माणूस कसाबी रंग मारन."

"मंग मले द्या. कपाशीवर फवारा कोन मारते?"

पंक्चरवाल्या शेजाऱ्याकडून कंप्रेसर आणला. धूळ उडू नये म्हणून अंगणात पाणी शिंपडलं. वायरी आणि रेडिएटर वर्तमानपत्रात गुंडाळले, चाकांवर खताची फाडलेली पोती टाकली. मी लाल फवारा धरला. पहिल्याच मडगार्डवर ओघळ आला आणि नवरा चटका बसल्यासारखा कळवळला.

"माहा हात भाजला तवा एवढं तोंड नव्हतं केलं तुमी," मी म्हणाले.

डाव्या हातानं, थिनरच्या फडक्यानं त्यानं ओघळ पुसला.

रंग वाळल्यावर गावातली माणसं पाहायला आली. "भाऊ, शोरूममधून आणल्यासारखा दिसते!" नवरा नुसता हसत उभा. मी चहा घेऊन आले, अंगाची आग होत होती.

"रंग म्या मारला," मी म्हणाले.

सगळे हसले. पंक्चरवाला मात्र वाकून कडा बघत होता. "वहिनी, माहा ट्रॅक्टर बी जुनाच हाय. मारून देता का?"

"तिले टाइम नाई," नवरा इतक्या पटकन म्हणाला, की मी त्याच्याकडे बघतच राहिले.

माणसं गेल्यावर तो पुटपुटला, "दुसऱ्याच्या ट्रॅक्टरले काऊन?"

"काऊन, तुमाले काय होते?"

"मले काय होन!"

मी जाणार म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच मला पंक्चरवाल्याच्या अंगणात नेऊन सोडलं, पण परत गेला नाही. दुपारपर्यंत त्यांच्या खाटेवर बसून माझ्या हाताकडे बघत राहिला. येताना म्हणाला, "आपल्यापेक्षा त्याच्या ट्रॅक्टरवर जास्त मन लावलं तू."

मी तोंडाला पदर लावला. हसू आवरत नव्हतं.