पेटीतला न्हावी

माझ्या वडिलांकडं दाढीची एक पेटी होती. तिच्याबद्दल सांगायला लागले की लोक म्हणतात, "अहो, दाढीचं सामान ते, त्यात काय एवढं?" अशा लोकांना मी पुढचं सांगत नाही. तुम्ही अजून तसं म्हणाला नाहीत, म्हणून सांगते.

पेटी निकेलची होती, चष्म्याच्या घरापेक्षा थोडी लांब. वर एक झाकण, खाली एक झाकण. एका झाकणाच्या आतून बारीक दगड बसवलेला, दुसऱ्याच्या आतून चामड्याची पट्टी, आणि मधे पातं. दोन दाढ्या झाल्या की फेकून द्यायचं पातळ ब्लेड नव्हे ते. जाड पाठीचं, एकच, वर्षानुवर्षं चालणारं. दगडाचं झाकण काढलं की पातं चामड्यावर टेकायचं आणि चामड्याचं काढलं की दगडावर. बाहेरची दांडी पुढं-मागं सरकवायची. टोकाला पोचलं की पातं आपोआप कूस बदलायचं, त्यामुळं धार कधी समोरून चामड्यात रुतत नसे. मग पातं काढून त्याच दांडीला आडवं बसवलं की झाला वस्तरा. चामड्यावर रोज आणि दगडावर महिन्यातून एकदा, पौर्णिमेला, असा दादांचा नेम होता. दादा म्हणजे माझे वडील. आमच्याकडं वडिलांना दादाच म्हणतात.

"आपला न्हावी पेटीत ऱ्हातो," असं ते सांगत, आणि आम्ही हसायचो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे मला पुढं कळलं.

दादांचं गाव नायगावच्या बाजूला. तिथला न्हावी सगळ्या गावाची दाढी करायचा, फक्त आमच्या वस्तीची नाही. आमची माणसं एकमेकांच्या दाढ्या करायची, मिळेल त्या पात्यानं, आठवड्या-पंधरवड्यानं. दादांचं लग्न ठरलं तेव्हा हळदीच्या आदल्या दिवशी ते पायलीभर ज्वारी घेऊन न्हाव्याच्या दारात गेले. एवढ्या एका दिवसापुरती करा म्हणाले. न्हावी म्हणाला, वस्तरा बाटंल. आणि दादा अजून दारातच उभे असताना त्यानं पाटलाच्या म्हशीचे केस भादरायला घेतले, त्याच वस्तऱ्यानं. तो न्हावी काही राक्षस नव्हता. गावाला भ्यायला असेल. पण दादांनी त्या दिवशी ठरवलं ते ठरवलं. पुन्हा कुठल्याही न्हाव्यापुढं मान द्यायची नाही, मग तो नांदेडातला असो की हैद्राबादचा.

पुढं ते रेल्वेत लागले, किनवटच्या लाईनीवर गँगमन म्हणून. आम्ही इस्लापूरच्या स्टेशनाजवळ राहायचो. एका साहेबाच्या बंगल्यावर दादांनी काही दिवस काम केलं होतं. साहेब बदलीवर जाताना सामान वाटत होता. कुणी कंदील घेतला, कुणी खुर्ची. दादांनी ही पेटी मागितली. साहेबाला नवल वाटलं असणार. ज्यानं कुणी ती पेटी बनवली त्याच्या मनात प्रवासात न्हावी न मिळणारे साहेबलोक असतील. माझे वडील त्याच्या स्वप्नातही आले नसतील. तरी त्याचे उपकार मी मानते. पंधरा-सोळा वर्षं दादा रोज सकाळी गुळगुळीत दाढी करून रुळावर गेले. गावाला जायचं असलं की त्यांची दाढी जास्तच तुकतुकीत असे, आणि न्हाव्याच्या घरावरून ते मुद्दाम सावकाश चालत.

बहात्तरच्या दुष्काळात मी बारा वर्षांची होते. आमच्या घरी पगार होता म्हणून मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची लाल भाकर तरी रोज मिळत होती. ज्यांच्याकडं पगार नव्हता ते खडी फोडायला गेले. पाणी मात्र कुणालाच नव्हतं. आई दादांना दाढीला अर्धी वाटी पाणी मोजून द्यायची आणि वर म्हणायची, "ऱ्हाऊ द्या की चार दिस. कोन बघून राहिलं?" दादा वाटी घेत आणि आरशापुढं बसत.

त्या उन्हाळ्यात पेटीतलं चामडं तडकलं. दादा त्यावरून बोट फिरवायचे आणि च्च च्च करायचे. मला ते बघवेना. मला मोट आठवली. आजोबा दुसऱ्याच्या मळ्यात मोट हाकायचे, आणि उन्हाळा आला की मोटेच्या कातड्याला करडईचं तेल चोळून ती उन्हात टाकायचे. चामडं तेल पितं असं ते सांगत. मग मी शहाणी! दाढीला पाणी मिळणार नाही म्हणून पेटी घरीच ठेवून दादा चार दिवस लाईनीवर मुक्कामाला गेले, तेव्हा आईच्या बुधल्यातलं तळाचं तेल पळीभर चोरलं. तेलाचा थेंब जपायचे दिवस होते ते. चामड्याला ते चांगलं चोळलं आणि झाकण छपरावर उन्हात ठेवलं. तीन दिवस, रोज एक हात.

दादा परत आले ते दुसऱ्या दिवशी गावाला निघायच्या तयारीनं. गावातली विहीर आटली होती आणि आजी तिथं एकटी होती, तिला आणायचं होतं. दाढी चार दिवसांची वाढलेली. पेटी उघडून त्यांनी दांडी सरकवली, आणि पातं चामड्याला चिकटलं. जोर लावला तर चर्र झालं. करडईचं तेल वाळून त्याची कातडीसारखी साय धरली होती. वरून कडक, खालून चिकट. पात्याची धार दुमडून गेली होती.

मी कबूल केलं. वाटलं, आता पाठीत बसणार. दादांनी मारलं नाही, ओरडलेही नाहीत. पेटी मिटून फळीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. आई म्हणाली, गँगवाल्यांकडून कुणाचा तरी वस्तरा मागून आणा. ते म्हणाले, "मागून दाढी कराची असती तर पेटी कशाला ठिवली असती?" मग जरा वेळानं, कुणालाच उद्देशून नाही असं, "आता तसंच जावं लागंल त्या दारावरून." हे वाक्य मी आयुष्यात विसरले नाही. मार परवडला असता.

स्टेशनाबाहेर लिंबाखाली एक न्हावी बसायचा. तेलंगणातून आलेला, मराठी बोलता बोलता तेलुगूत घसरणारा. तो येईल त्याची दाढी करायचा, कुणाला जात विचारायचा नाही. दादा दिवसातून दोनदा त्याच्यासमोरून जात, पण त्याच्याकडं कधी बघतही नसत. दादा कामावर हजेरी लावायला गेल्यावर मी फळीवरची पेटी ओढणीत गुंडाळली आणि त्याच्याकडं पळत गेले.

त्यानं दोन्ही झाकणं काढली, दांडी सरकवून बघितली. पातं कूस बदलताना बघून तो लहान लेकरासारखा हसला. "हे तर आमच्या प्वाटावर पाय द्याचं यंत्र हाय!" मग चामड्याचा वास घेऊन म्हणाला, "करडी लावली? कोन शहाना?"

"मी. मोटेला लावतात ना."

"मोटेला पानी अडवाया लावतेत, बिड्डा. चमोटा नरम पायजे." बिड्डा म्हणजे त्यांच्यात लेकरू. मग त्यानं विचारलं, पेटी कुणाची. मी सांगितलं. तो म्हणाला, "वळकतो. रोज जाते. माज्याकडं का बसत न्हाई गं तुजा बाप?"

मला खोटं सुचलं नाही. मी लग्नाची, ज्वारीची, म्हशीची सगळी हकीकत सांगून टाकली. तोवर एक गिऱ्हाईक येऊन बसलं होतं. त्याला तो म्हणाला, "थोडं थांबा, मामा." फुटक्या काचेनं त्यानं चामडं खरवडून बघितलं, जमेना. मग ते अख्खं उपटून काढलं. आपल्या धोकटीतून चमोटा काढला, म्हणजे तो ज्याच्यावर स्वतःचा वस्तरा परजायचा तो चामड्याचा पट्टा. त्याच्या खालच्या, मऊ टोकाचा तुकडा मापानं कापला. माझ्या डोळ्यांदेखत त्याचा चमोटा वीतभर आखूड झाला. चिंचोक्याच्या खळीनं तुकडा झाकणात बसवला आणि त्यावर धोंडा ठेवला. खळ वाळेपर्यंत पात्याची दुमड स्वतःच्या दगडावर काढली. मी पैशाचं विचारलं तर हातानंच नाही म्हणाला. जाताना एवढंच सांगितलं, "बापाला खोटं बोलू नको. सांग, कातडं न्हाव्याचं हाय. चालत असंल तर ठिव, न्हाई तर फाडून टाक."

सकाळी दादा निघण्याआधी मी पेटी त्यांच्यापुढं ठेवली आणि त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. दादांनी झाकण काढलं. चामड्यावर अंगठा फिरवला. पेटी मांडीवर घेऊन किती वेळ बसले कोण जाणे, आई दोनदा म्हणाली, गाडी चुकंल. मग दांडी सरकायला लागली. आवाज पहिल्यापेक्षा मऊ होता.

मी त्यांना पोचवायला स्टेशनापर्यंत गेले. लिंबाखाली तो एका माणसाच्या गालाला साबण लावत होता. दादा थांबले. त्याच्याकडं बघून म्हणाले, "जय भीम." त्यानं साबणाचा ब्रश तसाच वर केला. "जय भीम, अण्णा!" आणि पुन्हा कामाला लागला. दादा गाडीत चढले.

पण त्याच्यापुढं ते कधी बसले नाहीत. जाता-येता बोलायचे, बिडी द्यायचे, त्याच्या घरची खबर विचारायचे. मान नाही दिली. मला त्याचा राग यायचा. मी म्हणायचे, एवढं केलं त्यानं, एकदा बसलात तर काय होईल? दादा म्हणायचे, "उपकार येगळे, मान येगळी." मी मुळातच तोंडाळ, त्यामुळं यावर आमचं बरंच भांडण व्हायचं. पण त्यांचा ठराव मोडेना.

दहा वर्षांनी लातूर जिल्हा नवा झाला आणि मला तिथल्या एका नव्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. कपाटं आलेली नव्हती. उस्मानाबादहून आलेल्या फायली पोत्यांत, आणि आम्ही पोत्यांवर. आई तोवर गेली होती. दादा रिटायर होऊन माझ्याजवळ राहायला आले. दोन खोल्या होत्या, नळाला एक दिवसाआड पाणी. मला स्वर्ग होता तो.

मग त्यांचे हात थरथरायला लागले. पेटी धार लावून देई, पण हात स्थिर करून देण्याची काही सोय तिच्यात नव्हती. मी करून बघितली. पहिल्याच दिवशी हनुवटीला चिरलं. दादा म्हणाले, "काही न्हाई, चांगली केलीस," आणि दुसऱ्या दिवशी पेटीला हात लावू देईनात. दाढी वाढायला लागली. आठ दिवस, दहा दिवस. ते आरशाकडं पाठ करून बसायचे. बाहेर जाणं सोडलं. ज्या माणसानं बहात्तर सालात अर्धी वाटी पाण्यात दाढी केली, तो असा बसलेला बघून माझा जीव तुटायचा आणि मला रागही यायचा. एका रविवारी मी भडकलेच. "त्या म्हशीवाल्यासाठी आणखी किती वर्षं झुरणार आहात? तो मरून गेला असेल!"

दादा मग म्हणाले, "म्या गेलतो."

"कुठं?"

"रिटायर झालो त्या दिवशी. शेवटची दोन वर्सं बदली व्हती ना, तिथून थेट इस्लापूरला, लिंबाखाली. आज बसायचं ठरवूनच गेलतो. नवा सदरा घातला व्हता. तिथं कुनी नव्हतं. लोकं म्हनले, त्याला वारून दोन म्हयने झाले. मला कुनी सांगितलंच न्हाई. येळ केली मी, पोरी. लई येळ केली."

माझे वडील रडताना मी पहिल्यांदा बघत होते. मी पाणी दिलं. ते प्यायले, उठले, खुंटीवरचा कोट घातला. "चल," म्हणाले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशीच एक दुकान होतं. आत दोन खुर्च्या, समोर आरसा, रेडिओ चालू. न्हावी विशी-बाविशीचा पोरगा. दादा दारात थांबले, आणि मला त्या क्षणी वाटलं की हे इथूनच मागं फिरणार. पोरानं खुर्ची झटकली. "या काका, बसा." दादा बसले. त्यानं पांढरं कापड गळ्याभोवती गुंडाळलं, दोन बोटं त्यांच्या हनुवटीखाली घालून मान वर केली. दादांनी डोळे मिटून घेतले. पोरगा म्हणाला, "मिशी ठिवायची का काका?" दादांनी डोळे न उघडता मान हलवली, ठेव म्हणून.

अर्ध्या तासाचं काम नव्हतं ते, दहा मिनिटांत झालं. पोरानं तुरटी फिरवली, कापड काढून झटकलं. दादा उठेनात. आरशात बघत म्हणाले, "परत कधी येऊ?"

"कधी बी या की, काका. दुकान तुमचंच हाय."

असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतो, हे शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला ठाऊक होतं आणि मलाही. दादा बासष्ट वर्षांचे होते, आणि त्यांना हे वाक्य आजवर कुणी म्हटलेलं नव्हतं. बाहेर आल्यावर ते गल्लीच्या मधोमध थांबले आणि मला विचारलं, "खरंच म्हनला का गं तो?"

"हाव दादा," मी म्हणाले. "खरंच म्हणाला."