खाणीतल्या खांबाची उंची

भोपाळच्या किती घरांना आमच्या गावचा लाल दगड लागला, ते मी मोजलेलं नाही, म्हणून लिहीत नाही. खाण बंद पडली, खड्ड्यात पाणी साचलं, आणि आता भोवती कॉलनी आहे. पाण्याकाठी गावाच्या इतिहासाची पाटी लावायचं कॉलनीच्या समितीने ठरवलं आणि मजकूर माझ्याकडे आला. समितीचा अध्यक्ष खाणीच्या जुन्या ठेकेदाराचा मुलगा. म्हणाला, "भाईसाब, दो-चार अच्छी बातें लिख दो, बस."

माझे बाबा विदर्भातून येऊन त्या खाणीत मोजणीदार झाले. खोदताना मधोमध मूळ जमिनीचा एक खांब न तोडता ठेवत. त्याला साक्षी म्हणत. खांब जितका उंच, तितकी खाण खोल. परवानगी पंचवीस फुटांची होती. बाबांनी एकतीस लिहिले. तपासणीच्या आधी ठेकेदाराने खांबाचा माथाच उडवला, आणि तपासनिसाच्या टेपवर बावीस भरले. खोटी नोंद केली म्हणून बाबांना काढलं. "काठावरच्या देवळाकडून मोजा," एवढंच ते सांगत राहिले. कोणी मोजलं नाही. पुढे ते मरेपर्यंत एका दुकानात कापड मोजत होते. गिऱ्हाइकं हसून विचारायची, "बाबूजी, ये इकतीस वाला मीटर है या बाईस वाला?"

यंदा पाणी पार आटलं. मी रविवारी सकाळी समितीला काठावर बोलावलं. पाटीसाठी मोजमाप हवं, असं सांगितलं. ते कारण खरं नव्हतं.

खांब आधी मोजला : बावीस. पाटी बसवायला आणलेला गवंडी शिडीने वर चढून ओरडला, "इथं वरची माती नाही साहेब, छिन्नीच्या खुणा आहेत!" मग आम्ही देवळापाशी गेलो. देवाची जागा म्हणून तो कडा कधी कोणी तोडला नव्हता. खाली सरळ भिंत, भिंतीशी सपाट तळ. तिथला गाळ मी आदल्या दिवशी स्वतः खरवडला होता. टेपला वजन बांधून खाली सोडलं आणि वरचं टोक अध्यक्षाच्या हातात दिलं.

"वाचा."

तो पुटपुटला.

"जोरात. मागच्यांना ऐकू आलं नाही."

"इकतीस."

"परत एकदा."

बायको मागून म्हणाली, "अहो, पुरे आता." मला पुरे नव्हतं. त्याने तिसऱ्यांदा वाचलं, तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. मला तो पाहायला आवडला.

परतताना त्याने मला बाजूला घेतलं. "पाटी पे मेरे पिताजी का नाम मत डालना, भाईसाब. बच्चे पढ़ेंगे."

"नाव नाही घालणार," मी म्हणालो. "'खांब तोडणारे ठेकेदार, सध्याच्या अध्यक्षांचे वडील' असं लिहितो."

तसंच लिहिलं. खाली बाबांचा हुद्दा आणि एकतीस हा आकडा. समितीत मतदान झालं, मजकूर चार मतांनी मंजूर झाला. आता अध्यक्ष सकाळी फिरायला पलीकडच्या रस्त्याने जातो.